वैमानिक कुठे झोपतो, हा कंपनीचाच प्रश्न आहे

वैमानिकाने नोकरीच्या शहरात घर करावं की हजार मैलांवरून ये-जा करावी, हा ज्याचा त्याचा घरगुती मामला आहे, असं मत हवाई वाहतुकीच्या धंद्यात पक्कं रुजलेलं आहे. कंपन्यांना ते सोयीचं आहे. नियामकांनी ते मुकाट्याने मान्य केलं आहे. ज्यांचं त्यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते वैमानिकसुद्धा, आपल्या स्वातंत्र्याचा भाग म्हणून, त्याला धरून बसले आहेत. हे मत चुकीचं आहे आणि घातकही आहे, असं मला वाटतं. तिन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत असल्या की ती खरी असते, असं नाही. कित्येकदा चौथ्या बाजूला कुणी विचारलेलंच नसतं. इथे चौथी बाजू म्हणजे मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलेला प्रवासी.

अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण ही पद्धत तिथे सर्वांत जुनी आहे आणि तिची किंमतही तिथे सर्वांत उघडपणे मोजली गेली आहे. प्रत्येक वैमानिकाला कंपनी एक बेस देते. ड्युटी तिथून सुरू होते आणि तिथेच संपते. घर कुठेही असो, ठरलेल्या वेळी बेसवर हजर व्हायचं. मग टँपात राहणारा न्यूअर्कला आणि सिॲटलमध्ये राहणारा न्यूयॉर्कला ‘कम्यूट’ करतो. विमानात एखादी सीट रिकामी राहिली तर तिच्यावर, नाहीतर कॉकपिटमधल्या घडीच्या जंपसीटवर बसून तो येतो. पैसे पडत नाहीत, पण जागेची खात्रीही नसते. विमान भरलेलं निघालं की पुढच्याची वाट बघायची, म्हणून जाणते वैमानिक आदल्या दिवशीच निघतात. बेसजवळ चार-सहा जण मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या असतात. त्यांना ‘क्रॅशपॅड’ म्हणतात. तिथे एकावर एक पलंग लावलेले असतात आणि एकाची खाट दुसऱ्याने वापरायची असते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळच्या क्यू गार्डन्स वस्तीत अशा इतक्या खोल्या आहेत की लोक तिला ‘क्रू गार्डन्स’ म्हणू लागले. ज्याला ही खाटही परवडत नाही, तो विमानतळावरच्या क्रू रूममध्ये सोफ्यावर पाठ टेकतो.

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री कोल्गन एअरचं विमान न्यूअर्कहून बफेलोला जाताना उतरण्याच्या तयारीत असताना कोसळलं. विमानातले 49 आणि ज्या घरावर ते पडलं त्या घरातला एक, असे 50 जण गेले. सहवैमानिक 24 वर्षांची होती. ती सिॲटलजवळ आईवडिलांच्या घरी राहायची. आदल्या संध्याकाळी ती एका मालवाहू विमानातून निघाली, मध्यरात्र उलटल्यावर मेम्फिसला उतरली, तिथून दुसरं मालवाहू विमान पकडून सकाळी साडेसहाच्या सुमारास न्यूअर्कला पोचली. जवळपास चार हजार किलोमीटर अंतर आणि सगळी रात्र प्रवासात. हजर व्हायची वेळ दुपारी दीडची होती, तोपर्यंत क्रू रूममधला सोफा. कॅप्टन फ्लोरिडातला. त्याचीही न्यूअर्कमध्ये राहायची सोय नव्हती. अपघाताच्या दिवशी पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी तो कंपनीच्या संगणकावर लॉग इन झाला होता, अशी नोंद आहे. जोरदार वाऱ्यामुळे दिवसाची पहिली उड्डाणं रद्द झाली आणि दोघे ताटकळत राहिले. अखेर विमान सुटलं ते रात्री सव्वानऊनंतर. तासाभराने ते जमिनीवर आदळलं.

कॉकपिटमधल्या संभाषणाच्या नोंदीतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. सहवैमानिकेला सर्दी झाली होती. उड्डाणापूर्वी ती कॅप्टनला जे सांगत होती त्याचा आशय असा, की घरी असताना एवढं बरं वाटत नसतं तर मी इतक्या लांब आलेच नसते, पण आता इथे येऊन आजारी आहे म्हणून कळवलं तर बरं वाटेपर्यंत स्वतःच्या खर्चाने हॉटेलात राहावं लागेल. तिचा वर्षाचा पगार 25,000 डॉलरपेक्षाही कमी होता. उड्डाणाला आपण योग्य आहोत का, हा निर्णय कायद्याने तिच्या हाती दिला होता. पण त्या घटकेला तो निर्णय न्यूअर्कच्या हॉटेलचं भाडं घेत होतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. अपघात थकव्यामुळे झाला असं तपासात म्हटलेलंच नाही, असं सांगितलं जातं. खरं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी 2010 मध्ये अहवाल मंजूर केला, त्यात मुख्य कारण म्हणून कॅप्टनची चुकीची कृती नोंदवली आहे. वेग घटल्याची सूचना देणारी कांडी थरथरू लागल्यावर विमानाचं नाक खाली करायचं असतं, त्याने ते वर खेचलं. या निष्कर्षाशी माझं भांडण नाही. पण त्याच अहवालात असंही म्हटलं आहे की दोघांच्याही कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असण्याची दाट शक्यता आहे, फक्त तो किती झाला हे नेमकं सांगता येत नाही. मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष डेबोरा हर्समन यांनी वेगळं टिपण जोडून थकव्याला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवायला हवं होतं, असं लिहिलं. रक्तातलं मद्य मोजता येतं, पण मेलेल्या माणसाची हुकलेली झोप मोजण्याचं यंत्र नाही. त्यामुळे कित्येक अपघातांत थकवा पुराव्याअभावी सुटतो. त्याला निर्दोष ठरवण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही.

शिवाय ही एका कॅप्टनची आणि एका मुलीची गोष्ट नव्हती. त्या वसंतात न्यूअर्क बेसवर कंपनीचे 137 वैमानिक होते. त्यांतल्या 93 जणांनी आपण बाहेरून ये-जा करतो असं सांगितलं. 49 जण 400 मैलांपेक्षा लांब राहत होते, त्यांतले 29 तर हजार मैलांपलीकडे. दोनतृतीयांश माणसं बेसवर राहत नसतील तर हा 93 जणांचा वैयक्तिक निर्णय कसा? ही त्या बेसची रचनाच होती. कंपनीने न्यूयॉर्क महानगरात बेस उघडला आणि तिथे राहता येणार नाही असा पगार दिला. मग लोक कुठून येतात याकडे पाहिलं नाही. क्रू रूममध्ये रात्री झोपू नये अशी सूचना मात्र दिलेली होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. वैमानिकाला कंपनीने स्वतःच्या कामासाठी प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात पाठवलं, तर तो वेळ विश्रांतीत धरता येत नाही. अमेरिकेत त्याला ‘डेडहेड’ म्हणतात, आपल्याकडे ‘पोझिशनिंग’. विमानात बसून जाणं म्हणजे आराम नव्हे, हे कायद्याला कळतं. पण तोच माणूस, त्याच विमानात, त्याच खुर्चीवर, तेवढंच अंतर कापून घरून बेसला आला की तो वेळ विश्रांतीच्या खात्यात जातो. सिॲटल ते मेम्फिस ते न्यूअर्क ही अख्खी रात्र कायद्याच्या लेखी त्या मुलीची विश्रांती होती. शरीराला दोन्ही प्रवास सारखेच. फरक पडतो तो कंपनीच्या हिशेबात.

घरगुती मामला म्हणणाऱ्यांना मला एक साधी गोष्ट विचारायची आहे. मद्यपान घरगुती नाही का? आपल्याकडे उड्डाणाआधीचे बारा तास वैमानिकाला मद्य वर्ज्य आहे आणि श्वासाच्या चाचणीत शून्याशिवाय दुसरा आकडा चालत नाही. अमेरिकेत आठ तासांचा नियम आहे आणि रक्तातल्या मद्याची मर्यादा 0.04 टक्के. म्हणजे वैमानिक आपल्या घरात, आपल्या जेवणाच्या टेबलावर, आपल्या पैशाने काय पितो हे सरकार ठरवतं, आणि त्यावर कुणी खासगीपणाची तक्रार करत नाही. करूही नये. ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसासारखा वागतो, चोवीस तासांनी हा आकडा 0.10 पर्यंत जातो. अमेरिकी कायद्याची मर्यादा सतराव्या तासाच्या अलीकडेच ओलांडली जाते. मग ड्युटीच्या आदल्या रात्रीचा पेला सरकारला दिसतो आणि त्याच रात्रीचा चार हजार किलोमीटरचा प्रवास दिसत नाही, याचं कारण विज्ञान नसून खर्च आहे. पेला बंद केला तर कंपनीचं एक पैचंही नुकसान होत नाही. प्रवास मोजायला लागलं की माणसं जास्त लागतात, खाटा लागतात, सीट राखून ठेवाव्या लागतात.

“पण त्यांना सांगितलंय कुणी लांब राहायला?” हा दुसरा आक्षेप. तो सामान्य वाचकाकडून येतो आणि त्यामागचा संताप मी समजू शकतो. उत्तर असं आहे की बेस वैमानिक ठरवत नाही. 1978 मध्ये अमेरिकेने हवाई वाहतूक नियंत्रणमुक्त केली, त्यानंतर कंपन्यांनी मोठी केंद्रं उभारली आणि नको तेव्हा मोडली. टीडब्ल्यूए विकत घेतल्यावर दोनच वर्षांत, 2003 मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने सेंट लुइसची उड्डाणं जवळपास निम्म्यावर आणली. 2004 मध्ये यूएस एअरवेजने पिट्सबर्गचं केंद्र गुंडाळलं. 2005 मध्ये डेल्टाने डलासचं बंद केलं आणि 2013 मध्ये मेम्फिसचं. या शहरांत बेसजवळ राहायचं म्हणून घरं घेतलेली, मुलं शाळेत घातलेली, तिथेच नोकरी करणाऱ्या नवऱ्याशी किंवा बायकोशी संसार मांडलेली माणसं होती. जवळ राहा हा सल्ला त्यांनी अक्षरशः पाळला होता. बेस त्यांना सोडून गेला.

कुणी म्हणेल, मग कंपनी बदला. अमेरिकेत वैमानिकाचं सगळं आयुष्य सीनिऑरिटीच्या यादीवर चालतं. कोणता बेस, कोणतं विमान, कोणती ड्युटी, दिवाळीसारखे त्यांचे सण घरी की हॉटेलात, हे त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. कंपनी बदलली की क्रमांक पुसला जातो आणि वीस वर्षांचा कॅप्टन यादीच्या तळाला जाऊन बसतो. त्या तळाच्या लोकांच्या वाट्याला बहुधा न्यूयॉर्कसारखे महागडे बेस येतात, कारण वरच्यांना ते नको असतात. सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सर्वांत महागड्या शहरात पाठवणारी ही व्यवस्था आहे. त्यात हा माणूस बहुतेकदा ‘रिझर्व्ह’वर असतो, म्हणजे फोन आला की दोन-तीन तासांत हजर. त्याला घरी राहणंही जमत नाही आणि बेसवर राहणंही परवडत नाही.

भारतात तर बेड्या वेगळ्याच आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2017 मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली. गोंदियात किंवा बारामतीत शिकून, घरावर कर्ज काढून परवाना मिळवलेल्या मुलाला पहिला बेस कोलकाता मिळाला किंवा बंगळुरू, तरी तो घेणारच. कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, वर महानगरातलं भाडं. तो आठवड्याच्या सुट्टीला नाशिकला किंवा कोल्हापूरला घरी येतो आणि स्टँडबाय तिकिटावर परततो, तेव्हा त्याने काही चैन केलेली नसते.

म्हणून बंदी घाला, सगळ्यांना बेसजवळ राहायला भाग पाडा, अशी मागणी करणाऱ्यांशीही माझं पटत नाही. बंदी सोपी आणि कठोर वाटते, पण तिचा सगळा भार पुन्हा त्याच माणसावर पडतो. बेस हलवायचा अधिकार कंपनीकडे तसाच राहतो आणि प्रत्येक हलवाहलवीत घर विकायची सक्ती मात्र वैमानिकावर येते. वर लोक खोटे पत्ते देऊ लागतील. आज निदान क्रू रूममधल्या सोफ्यावर कोण झोपलं आहे हे दिसतं.

आता डोंबिवलीच्या वाचकाकडे वळतो, कारण त्याच्या मनातली गोष्ट मला माहीत आहे. कर्जतहून, कसाऱ्याहून, विरारहून रोज दीड-दोन तास लोंबकळत जाऊन आठ तास काम करून तसंच परत येणाऱ्या माणसाला, आणि डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करण्यात उभी हयात घालवलेल्याला, वैमानिकाच्या प्रवासाचं कौतुक कशाला वाटावं? त्याचा पगार बघा, म्हणतील. तक्रार रास्त आहे. लोकलचे धक्के खाऊन कामाला गेलेल्या माणसाच्या थकव्याची किंमतही कुणी मोजत नाही, तीही मोजली पाहिजे. पण एक फरक आहे. दुपारी तीन वाजता डोळा लागला तर हिशेबनीसाचा ताळेबंद चुकतो आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो. विमानाचा वेग धोक्याच्या खाली जातो तेव्हा हाताशी काही सेकंद असतात. शिवाय लोकलने येणारा माणूस आपल्या घरी, आपल्या अंथरुणात झोपून निघालेला असतो. मी ज्या प्रवासाबद्दल बोलतो आहे तो झोपेच्या जागी केलेला प्रवास आहे.

लांबचा प्रवास घातक असल्याचा पुरावा अपुरा आहे, असं शेवटी सांगितलं जातं. कोल्गनच्या मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून अमेरिकी संसदेकडून 2010 मध्ये कायदा करून घेतला. त्यात सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे 1,500 तासांचा अनुभव सक्तीचा झाला, विश्रांतीचे नियम नव्याने लिहायला लावले गेले, आणि ये-जा करण्याच्या प्रश्नाचा अभ्यास राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सोपवला गेला. 2011 मध्ये अकादमीच्या समितीने सांगितलं की नियम करण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. मी तो निष्कर्ष वाचतो तेव्हा मला त्यात कंपन्यांची निर्दोष मुक्तता दिसत नाही. कोण कधी निघालं, कुठे झोपलं, किती वेळ जागं होतं याची नोंद कुणी ठेवलीच नव्हती. जी गोष्ट खासगी ठरवून मोजायचीच नाही, तिच्याबद्दल आकडे कुठून येणार? तरी त्याच समितीने वैमानिकांना सल्ला दिला की ड्युटी संपेपर्यंत आपण साधारण सोळा तासांपेक्षा जास्त जागे राहणार असू असा प्रवास आखू नका आणि हजर होण्यापूर्वी निदान सहा तास झोपा. सल्ला उत्तम आहे. पण तो फक्त वैमानिकाला आहे. 2014 पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही दोन ड्युट्यांच्या मध्ये दहा तासांची विश्रांती आली, प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी योग्य आहे’ अशी सही आली, आणि प्रवास जिथल्या तिथे राहिला. युरोपात नव्वद मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या निवासाचा विचार करावा, असं सांगितलं आहे. विचार कुणी करायचा? वैमानिकाने. त्याच्याच खिशातून.

माझा सर्वांत कठीण वाद वैमानिकांशीच आहे, कारण ते माझ्या बाजूचे आहेत. त्यांच्यातले बरेच जण म्हणतात, या विषयात सरकारला शिरू देऊ नका. आज प्रवास मोजतील, उद्या आमचं घर कुठे हवं ते सांगतील, डोंगरात राहायचं की समुद्राकाठी एवढीच एक चैन या नोकरीत उरली आहे. भीती खरी आहे. पण हा विषय बंद ठेवून त्यांना काय मिळालं? दर महिन्याला घरच्या सुट्टीतले दोन-चार दिवस विमानतळावर वाट पाहण्यात जातात. क्रॅशपॅडचं भाडं स्वतःच्या पगारातून जातं. बर्फ पडून विमान चुकलं तर उशिराचा ठपका आपल्यावर. आणि अपघात झालाच, तर पहिला प्रश्न मृत वैमानिकालाच विचारला जातो, की तू आदल्या रात्री होतास कुठे? प्रवास खासगी आहे असं जो वैमानिक आग्रहाने सांगतो, तो त्या प्रवासाची सगळी जबाबदारी कंपनीच्या टेबलावरून उचलून आपल्या डोक्यावर घेतो. अमेरिकेतल्या अनेक करारांत आता असं कलम आहे की दोन विमानांसाठी प्रामाणिक प्रयत्न करूनही जागा मिळाली नाही तर शिक्षा होणार नाही. हे कलम वैमानिकांनी भांडून मिळवलं. म्हणजे प्रवास हा कंपनीशी बोलण्याचा विषय आहे हे त्यांनी स्वतःच मान्य केलेलं आहे. आता एक पाऊल पुढे टाकायला हवं.

यात अशक्य काही नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड ही गावं पाहा. रेल्वेने लोको शेडच्या हाकेच्या अंतरावर ड्रायव्हर आणि फायरमनसाठी क्वार्टर बांधली. रात्री-अपरात्री कॉल बॉय दिवा घेऊन दारावर यायचा, वही पुढे करायचा, ड्रायव्हर सही करायचा आणि तयारीला लागायचा. परगावी गाडी पोचवल्यावर झोपायला रनिंग रूम, तिथे खाट आणि स्वयंपाकी. हे सगळं काही कनवाळूपणातून झालं नव्हतं. ड्रायव्हर कुठे झोपतो यावर गाडी वेळेवर सुटणं आणि सुखरूप पोचणं अवलंबून आहे, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना कळत होतं, म्हणून तो खर्च रेल्वेचा होता. आजचे लोको पायलट त्यांच्या कामाच्या तासांबद्दल आणि विश्रांतीबद्दल भांडत आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पण मूळ तत्त्व रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी मान्य केलं. हवाई कंपन्यांनी ते अजून मान्य केलेलं नाही.

तिकिटं महागतील, असं मग म्हटलं जातं. थोडी महागतील. पण पैसा नसतो असं नाही, हे 2022 मध्ये दिसलं. वैमानिकांचा तुटवडा पडताच अमेरिकन एअरलाइन्सच्या छोट्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला 90 डॉलर देऊ केले. तेरा वर्षांपूर्वी तशाच छोट्या कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेली मुलगी हॉटेलच्या भाड्याचा विचार करत होती. माणसं मिळेनाशी झाल्यावर जो पगार देता आला, तो माणसं जिवंत असताना देता आला असता.

माझ्या मागण्या फार नाहीत. बेसजवळ कंपनीच्या खर्चाने झोपण्याची खोली, तीही क्रू रूममधला सोफा नव्हे तर अंधार आणि शांतता असलेली. ड्युटीच्या आदल्या दिवशी बेसला येण्यासाठी राखीव सीट. बेस हलवला तर पुरेशी पूर्वसूचना आणि घर हलवण्याचा खर्च. ‘मी झोपलेलो नाही’ असं कळवणाऱ्याचा त्या दिवशीचा पगार कापला जाणार नाही आणि त्याला हॉटेलात स्वतःच्या पैशाने पडून राहावं लागणार नाही, याची लेखी हमी. आणि थकव्याच्या प्रत्येक तक्रारीत आधीच्या चोवीस तासांतल्या प्रवासाची नोंद, म्हणजे पुढच्या समितीला माहिती नाही असं म्हणता येणार नाही.

आपल्याकडे याची निकड आत्ता आहे. महासंचालनालयाच्या नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढवली. त्यांचा दुसरा टप्पा नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द होऊन लोक विमानतळांवर अडकले, तेव्हा नियामकालाच कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. वैमानिकांना एवढी विश्रांती कशाला, असं त्या दिवसांत पुष्कळांनी विचारलं. 48 तासांतून घरी जाण्या-येण्याचे आणि सीट मिळण्याची वाट पाहण्याचे तास वजा केल्यावर झोपेला किती उरतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याच महिन्यात, 25 डिसेंबरला, नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. मुंबई बेस म्हणून ज्यांनी अंधेरी-मरोळला घरं घेतली, भाड्याने खोल्या केल्या, त्यांच्या रोस्टरमध्ये आता पहाटे चारची हजेरी उलव्याची लागू शकते आणि पुढची सांताक्रूझची. दोन्ही विमानतळ एकच बेस धरायचे की दोन, मधल्या प्रवासाचा वेळ ड्युटीत धरायचा की विश्रांतीत, गाडी कंपनीची की स्वतःची, हे प्रत्येक कंपनीच्या सोयीवर सोडता कामा नये. महासंचालनालयाने ते नियमात स्पष्ट लिहावं, आणि वैमानिकांच्या संघटनांनी पगारवाढीच्या बोलणीआधी हे कलम टेबलावर ठेवावं.